बाजू ब

वास्कोच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये रात्रपाळी करणारी
लुडोविना बार्रेटो
आमच्या छापखान्यात आली तेव्हा
तिच्या कानामागे हेडफोनचा वळ होता, ताजा, लाल.
तीनशे कव्हरं हवीत, म्हणाली, कॅसेटची.
निळ्यावर चंदेरी.
आणि उधारीवर.

नाव ठरलेलं: एंगेज्ड टोन.
मी रोमी खिळे जुळवायला बसलो.
मे महिना. सगळे ई लग्नपत्रिकांत अडकलेले,
दोनच मोकळे.
तिसऱ्याच्या जागी तीनचा आकडा उलटा करून बसवला
आणि कळू नये म्हणून शाई जरा जास्त चढवली.
तिला कळलंच.
त्यावरून नख फिरवत म्हणाली,
असू दे. न्यू वेव्ह आहे.

म्हणजे काय, मी विचारलं.
बायणाला वाढलेला मी,
मला लाट एकच ठाऊक, खनिजाच्या धुळीने तांबूस.
नाचायचं, ती म्हणाली, पण हात न हलवता.
रडायचं,
पण ठेक्यात.

कीबोर्ड तिच्या तारवटी मामाने आणलेला, रॉटरडॅमहून,
दोन घोंगड्यांत गुंडाळून.
कस्टमवाल्याला सांगितलं, इगर्जीचा आहे.
मग खरंच इगर्जीच्या शाळेत ठेवावा लागला.
तिथेच तिने आठ गाणी भरली,
रात्रपाळी संपल्यावर, मुलं यायच्या आत.
चौथ्या गाण्यात पदेराचा भोंगा आहे.
सहाव्यात दिवे मंदावतात ते ऐकू येतं:
यंत्राचा सूर अर्धा पायरी खाली घसरतो,
आणि तीही, न थांबता, त्याच्यासोबत उतरते,
जशी अंधाऱ्या जिन्यात कुणाचा तरी हात धरून.
हे तिने पुसलं नाही.

एक्केचाळीस खपल्या.
बसस्टँडजवळच्या दुकानात बाकीच्या
तियात्रांच्या कॅसेटींखाली, मग काउंटरखाली,
मग एक उंदरांचं प्रकरण झालं.
एक तिने मला दिली होती. मी तेव्हा
रोज ऐकायचो, छापखाना बंद करताना.
हात हलवायचो. जमत नसे.

श्रावणात सप्ताह.
वडिलांची पाळी पहाटे चारची
आणि कधी नव्हे ते म्हणाले, भरून ठेव रे.
कोरी कॅसेट कुठून आणणार त्या वेळी?
मी तिचीच घेतली.
कोपऱ्यातल्या तोडलेल्या खाचांवर
पाकिटाची चिकटपट्टी लावली, बाजू ब वर केली
आणि बटण दाबलं.
कसं दाबलं ते विचारू नका. दाबलं.

वडील दिवाळीच्या आधी गेले.

पुढे थेट डायलिंग आलं, एक्स्चेंजमधल्या खुर्च्या कमी झाल्या,
लुडोविना लिस्बनला गेली असं कुणी म्हणे,
कुणी म्हणे कुवेतला.
उधारीच्या वहीत तिच्या नावासमोर ऐंशी रुपये आहेत.
खोडलेले नाहीत.
एकदा खोडलं तेवढं पुरे.

वर्षश्राद्धाला ती कॅसेट लागते.
बावीस मिनिटं वडील, टाळ, मागे कुणाचं तरी बाळ.
शेवटी ते खोकतात, चहा आला का, विचारतात,
मग खट्‌,
आणि खालून ती वर येते
अर्ध्या शब्दातून,
टूं, टूं, टूं, त्या एंगेज्ड टोनवर चालत,
जणू इतका वेळ लाइनवर थांबूनच होती.
अडीच मिनिटं.
पहिल्या वर्षी भटजी दचकले होते.
बंद करायला मी उठलो तर आईने मान हलवली.

आता आई ऐंशीची आहे, कानांनी अधू,
पण ते टूं टूं तिला पोचतं.
ती आली बघ, म्हणते, आता पानं मांडा.
आम्ही पानं मांडतो. मीठ, लिंबू, खतखतं.
लुडोविना दिवे मंदावतात तिथवर येते,
सूर उतरू लागतो,
आणि फीत संपून
बटण आपोआप वर उडतं.